दर्जा कुणाचा, सवलत कुणाची: मच्छेच्या एका फाउंड्रीवाल्याला उत्तर

२०२५ च्या दिवाळीत माझ्या जुन्या स्नेह्याचा मुलगा घरी आला होता. बेळगावजवळच्या मच्छेला त्यांची फाउंड्री, म्हणजे लोखंड वितळवून ओतायचा कारखाना, आहे. वडिलांनी उभी केली, आता तो आणि त्याचा चुलतभाऊ बघतात. फराळाला हात लावायच्या आधीच त्याने विचारलं, "काका, अमेरिका आपल्याला 'मोस्ट फेवर्ड नेशन' मानते ना? मग ऑगस्टमध्ये पन्नास टक्के कसं लावलं? आणि चीनचा तो दर्जा काढून घेणार म्हणतात. काढला तर काम आपल्याकडे येणार, मग दुसरी भट्टी टाकावी का?"

त्या दिवशी घरात माणसं होती, नीट बोलणं झालं नाही. सत्तावीस वर्षं मी टिळकवाडीत बसून उद्यमबाग, मच्छे, होनग्याच्या कारखान्यांचे निर्यातीचे कागद बघतोय. हाच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून मला महिन्यातून चार वेळा ऐकायला मिळतो, म्हणून उत्तर लिहूनच काढलं.

भट्टीचं आधी सांगतो. चीनचा दर्जा जाईल या भरवशावर बँकेकडे जाऊ नकोस. कारण समजायला थोडं मागे जावं लागेल, कारण या सगळ्या भांडणात 'दर्जा' हा एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि तिथेच आपली फसगत होते.

पहिला दर्जा, मोस्ट फेवर्ड नेशन. मराठी पेपर याला 'अतिप्राधान्य राष्ट्र' किंवा 'सर्वाधिक प्राधान्याचं राष्ट्र' लिहितात. पुलवामानंतर फेब्रुवारी २०१९ मध्ये भारताने पाकिस्तानचा हा दर्जा काढला, तेव्हा गल्लीतली माणसं मला विचारत होती, "म्हणजे इतके दिवस आपण त्यांना डोक्यावर घेतलं होतं?" तसं नव्हतं. या दर्जाचा अर्थ इतकाच, की कुणा एका देशाला शुल्कात जी चांगली वागणूक देता, तीच बाकीच्या सभासद देशांनाही द्यायची. म्हणजे सगळ्यांना सारखं. पाकिस्तानला आपण तो १९९६ मध्ये दिला होता, त्यांनी आपल्याला कधीच दिला नाही. काढल्याबरोबर त्यांच्या मालावर २०० टक्के शुल्क बसलं आणि तिकडचा माल जवळजवळ थांबला. दर्जा नाव मोठं, पण तो असणं ही साधी गोष्ट आहे; नसणं ही मोठी.

गॅट, म्हणजे व्यापार आणि शुल्काबद्दलचा १९४७ चा आंतरराष्ट्रीय करार, त्याचं पहिलंच कलम हे आहे. करारावर सही करणाऱ्या २३ देशांत भारत होता. पुढे १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना आली आणि तेच कलम तिच्या पायात घातलं गेलं. अमेरिकेलाही नावाचा घोळ इतका जाचला, की १९९८ मध्ये त्यांनी आपल्या कायद्यातून 'मोस्ट फेवर्ड नेशन' काढून 'नॉर्मल ट्रेड रिलेशन्स' असा शब्द घातला. नेहमीचे व्यापारसंबंध. तो शब्द खरा आहे, तोच लक्षात ठेव.

अमेरिकेचं शुल्काचं पुस्तक उघडलंस तर दराचे रकाने दिसतील. पहिल्या रकान्याचे दोन भाग: एक 'सर्वसाधारण', म्हणजे हाच दर्जा असलेल्या देशांसाठी, दुसरा 'विशेष', म्हणजे ज्यांच्याशी करार आहे किंवा ज्यांना सवलत दिली आहे त्यांच्यासाठी. आणि मग रकाना दोन. त्यातले पुष्कळ दर १९३० च्या स्मूट-हॉली कायद्यापासून चालत आलेले, म्हणजे मंदीच्या काळातले. त्या रकान्यात आज क्युबा, उत्तर कोरिया, आणि २०२२ च्या एप्रिलपासून रशिया नि बेलारूस आहेत. भारत पहिल्या रकान्यात आहे. ऑगस्टच्या पन्नास टक्क्यांनंतरही तिथेच आहे. म्हणजे तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर असं, की दर्जा कुणी काढलेला नाही. त्याच्यावर दुसरं ओझं चढवलं गेलं. त्याकडे येतो, पण त्याआधी तुझ्या वडिलांना ठाऊक असलेली एक गोष्ट सांगायला हवी, कारण त्यांनी ती तुला सांगितली नसणार.

हक्क वेगळा आणि सवलत वेगळी. आपल्या भागातल्या माणसाला हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. महाराष्ट्र सरकार सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी माणसांना काही सवलती देतं: शिक्षणात, नोकरीच्या अर्जात, २०२३ पासून महात्मा फुले जन आरोग्य योजनेत. आपण त्या घेतो आणि त्यांची किंमत जाणतो. पण त्या एका बाजूने दिलेल्या आहेत. शासन निर्णयाने आल्या, शासन निर्णयाने बदलू शकतात. उलट, प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय व्हावी हे घटनेच्या कलम ३५०-अ मध्ये लिहिलेलं आहे, १९५६ च्या सातव्या दुरुस्तीपासून. ते मिळवायला किती खेटे घालावे लागतात हा भाग निराळा, पण ते कुणाच्या मर्जीवर नाही.

व्यापारातही हेच. पहिल्या रकान्यातला सर्वसाधारण दर हा कराराने आलेला हक्क. आणि जीएसपी, म्हणजे विकसनशील देशांना श्रीमंत देशांनी दिलेली शुल्कमाफी, ही सवलत. अमेरिकेची जीएसपी १९७४ च्या व्यापार कायद्यातून आली. भारत तिचा मोठा लाभार्थी होता.

२०१९ ची गोष्ट. हाताने फिरवायच्या व्हॉल्व्हचे भाग आपल्याकडून जात होते, ग्रे आयर्नचं कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेला लोखंडी भाग, आणि वर मशिनिंग. मूळ शुल्क पाच टक्क्यांच्या घरात, जीएसपीत शून्य. ४ मार्चला अमेरिकेने कळवलं, की भारताची जीएसपी काढायचा विचार आहे, किमान साठ दिवसांची नोटीस. मेच्या सुरुवातीला ते साठ दिवस संपले आणि काही झालं नाही. आपल्याकडे निवडणूक चालू होती. सगळे म्हणाले, टळलं. त्या आठवड्यात एक कंटेनर मच्छेहून न्हावा शेव्याला गेला, साठ हजार डॉलरचा माल. ३१ मेला तिकडे सही झाली आणि ५ जूनपासून सवलत बंद. जो माल ५ जून किंवा त्यानंतर तिथल्या कस्टम्समधून आत येईल, त्याला नाही. कंटेनर तेव्हा समुद्रात होता. वाटेवर असलेल्या मालाला सूट नव्हती.

जून संपता संपता खरेदीदाराने तिकडच्या एन्ट्रीची, म्हणजे कस्टम्समध्ये माल आत घेतल्याच्या कागदाची, प्रत पाठवली. मी ती टेबलावर ठेवून तुझ्या वडिलांना दाखवली. आधीच्या प्रत्येक कागदावर शुल्क क्रमांकाच्या अलीकडे एक 'ए' असायचा. जीएसपीची खूण तेवढीच, एक अक्षर. या कागदावर ते नव्हतं. बाकी सगळं तेच: तोच क्रमांक, तेच वजन, तीच किंमत. पाच टक्के म्हणजे तीन हजार डॉलर, तेव्हाच्या भावाने दोन लाखांच्या वर. आणि करार डीडीपी होता, म्हणजे तिथलं शुल्क भरून माल दारात पोचवायची जबाबदारी आपली. त्या ऑर्डरमध्ये सगळं वजा जाऊन सुटणार होते साडेतीन-चार लाख. त्यातले दोन लाख एका अक्षरावर गेले. तुझे वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हा पाच टक्क्याचा फायदा मी माझाच समजून दर काढला होता."

तेव्हापासून माझा एकच आग्रह आहे आणि तो मी प्रत्येक कारखान्यात धरतो: दुसऱ्याने एकतर्फी दिलेली सवलत दरात धरायची नाही. मिळाली तर ती वरची कमाई समजायची. ज्या दिवशी ती तुमच्या दराचा पाया होते, त्या दिवशी तुमचा कारखाना दुसऱ्या देशाच्या सहीवर चालायला लागतो.

भारतानेही उत्तर दिलं. १६ जून २०१९ पासून बदाम, अक्रोड, सफरचंद, हरभरा अशा अमेरिकेच्या २८ वस्तूंवर जादा शुल्क लावलं. ते खरं तर २०१८ मध्ये पोलाद आणि ॲल्युमिनियमवर बसलेल्या अमेरिकी शुल्काचं उत्तर होतं, वर्षभर पुढे ढकललेलं. त्यांच्या बदामवाल्याला त्रास झाला असेल, पण माझ्या टेबलावरच्या कागदात 'ए' काही परत आला नाही. ती योजना २०२० च्या शेवटी मुदत संपून सगळ्याच देशांसाठी थांबली.

आता चीन. तू ज्याला 'चीनचा दर्जा' म्हणतोस, तो याच पहिल्या रकान्यात बसण्याचा हक्क आहे, पण चीनला तो कसा मिळाला हे बघ. १९७४ च्या कायद्यात जॅक्सन-वॅनिक नावाची दुरुस्ती आहे. साम्यवादी देशांना नेहमीचा दर द्यायचा तर राष्ट्राध्यक्षांनी दरवर्षी तशी सूट जाहीर करायची, आणि काँग्रेसला, म्हणजे त्यांच्या संसदेला, ती मोडून काढण्याची संधी. चीनला १९८० पासून असा वर्षावर्षाचा दर्जा मिळत गेला. तिआनानमेन चौकातल्या निदर्शकांवर लष्कर घातल्यानंतर, म्हणजे १९८९ नंतर, दर उन्हाळ्यात वॉशिंग्टनमध्ये यावर रण माजायचं. १९९३ मध्ये क्लिंटन यांनी मानवी हक्कांशी सांगड घातली, १९९४ मध्ये सोडवली. शेवटी ऑक्टोबर २००० मध्ये कायमचा दर्जा देणाऱ्या कायद्यावर सही झाली, ११ डिसेंबर २००१ ला चीन जागतिक व्यापार संघटनेत आला, आणि १ जानेवारी २००२ पासून तो कायमचा दर्जा लागू झाला.

यातली खरी गोष्ट पुष्कळांच्या नजरेतून सुटते. १ जानेवारी २००२ ला चिनी मालावरचा दर या दर्जामुळे खाली आला नाही. तो आधीही पहिल्या रकान्याचाच होता. बदललं ते एवढंच, की पुढच्या वर्षी दर रकाना दोनमध्ये उडी मारेल ही धास्ती गेली. १९९९ च्या सुमाराला पहिल्या रकान्याची सरासरी ४ टक्क्यांच्या आसपास होती आणि दुसऱ्याची ३७ च्या आसपास. ३७ टक्के कुणी कधी भरले नाहीत, पण ते भरावे लागतील या शक्यतेनेच अमेरिकन कंपन्या चीनमध्ये कारखाना टाकायला, दहा वर्षांचा करार करायला कचरत होत्या. ती शक्यता संपली आणि मग लोंढा लागला. अमेरिकेतल्या कारखान्यांमधली नोकऱ्यांची गळती त्यानंतर जोरात सुरू झाली, असं अर्थशास्त्रज्ञांनी पुढे नीट मोजून दाखवलं.

मला यातून जे दिसतं ते असं: दरापेक्षा दराची अनिश्चिती जास्त महाग पडते. पाच टक्के शुल्क कायमचं असेल तर आपण कोअर सुधारतो, रिजेक्शन कमी करतो, वजन शेपन्नास ग्रॅम उतरवतो आणि ते पाच टक्के पचवतो. पण उद्या पाच असेल की पंचावन्न, हे माहीत नसेल तर खरेदीदार नवीन पॅटर्नचे, म्हणजे साचा पाडायच्या नमुन्याचे, पैसेच देत नाही. तुझ्याकडे सप्टेंबरपासून हेच चाललंय. जुन्या पॅटर्नवरच्या ऑर्डरी थोड्याफार येतात, नवीन डेव्हलपमेंट बंद. तुझ्या वर्कशॉपची त्यात काही चूक नाही.

तुझा पहिला प्रश्न: दर्जा असून पन्नास टक्के कसे? जादा शुल्क निराळ्या कायद्यांनी लागलं. ऑगस्ट २०२५ मध्ये आधी २५ टक्के, मग २७ तारखेपासून रशियाच्या तेलाचं कारण देऊन आणखी २५. हे १९७७ च्या आणीबाणीच्या आर्थिक अधिकारांच्या कायद्याखाली, ज्याला त्यांच्याच कोर्टात आव्हान दिलं गेलं. दुसरीकडे पोलाद नि लोखंडाच्या मालावर १९६२ च्या कायद्याचं कलम २३२, राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाखाली, जून २०२५ पासून ५० टक्के. वाहनांच्या ठरावीक भागांवर त्याच कलमाखाली मेपासून २५. आणि कलम २३२ च्या यादीत जो माल आला, त्यातल्या लोखंडाच्या किमतीवर ऑगस्टचे ते दोन पंचवीस चढत नव्हते. ही गोष्ट तुझ्या खरेदीदाराच्या माणसालाही धड माहीत नव्हती, मीच त्याला दोनदा लिहिलं.

म्हणजे एकाच भट्टीतून निघालेल्या तीन कास्टिंगना तीन दर लागू शकतात. गाडीचा भाग असेल तर एक, यादीत आलेला लोखंडी माल असेल तर दुसरा, यातलं काहीच नसेल तर तिसरा. शिवाय यादी हलती आहे. १८ ऑगस्टला एकाच दिवशी चारशेहून जास्त शुल्क क्रमांक पोलाद-ॲल्युमिनियमच्या यादीत घातले गेले. देशाचा दर्जा काय, हे तुझ्यासाठी त्यामानाने दुय्यम. तुझा क्रमांक कुठल्या यादीत आहे आणि कुठल्या तारखेपासून, हे पहिलं.

चीनचंही असंच झालं. २०१८ पासून त्यांच्या मालावर १९७४ च्याच व्यापार कायद्यातल्या कलम ३०१ चं जादा शुल्क आहे. एप्रिल २०२५ मध्ये नवीन जादा शुल्क १४५ टक्क्यांपर्यंत चढलं, मेमध्ये जिनिव्हाच्या बैठकीनंतर ३० वर आलं. या सगळ्या काळात चीनचा कायमचा दर्जा पुस्तकात जसाच्या तसा होता. जानेवारी २०२५ मध्ये नव्या सरकारने तो काढण्याच्या प्रस्तावांचा आढावा घ्यायला सांगितलं, हे खरं. पण तो काढायचा तर काँग्रेसला कायदा करावा लागेल. जे काम राष्ट्राध्यक्षांच्या एका सहीने होतं, त्यासाठी कायद्याची खटपट कुणी कशाला करेल? म्हणून त्या बातमीवर पैसे लावू नकोस म्हणतो.

तुला वाटेल, गॅटचं पहिलं कलम मोडलं तर तक्रार कुठे करायची? जागतिक व्यापार संघटनेत तक्रार करायला जागा आहे. निकालही लागतो. पोलादाच्या शुल्काविरुद्ध चीन, नॉर्वे, स्वित्झर्लंड, तुर्कस्तान यांनी दावे केले आणि डिसेंबर २०२२ मध्ये पॅनेलने अमेरिकेविरुद्ध निकाल दिले. अमेरिकेने अपील केलं. आणि अपिलाचं मंडळ ११ डिसेंबर २०१९ पासून बंद पडलंय, कारण नव्या सभासदांच्या नेमणुका अमेरिकेने अडवल्या. सात जणांचं मंडळ, काम चालवायला किमान तीन लागतात, उरला होता एक. अपील केलं की प्रकरण तिथेच गोठतं. भारतानेही हा रस्ता वापरला आहे, ते पुढे सांगतो. हक्क कागदावर आहे, पण बजावणी करणारा नाही. बेळगावच्या माणसाला कोर्टातल्या तारखांचं दुःख वेगळं समजवायला नको. आपला सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे.

दुसरं भांडण 'बाजार अर्थव्यवस्था' या दर्जाचं. यात थेट आपलं लोखंड गुंतलेलं आहे, म्हणून जरा थांबतो. एखादा देश घरच्या किमतीपेक्षा स्वस्तात माल बाहेर टाकतो का, हे बघून अँटी-डंपिंग शुल्क लावतात. पण ज्या देशात कोळसा, वीज, कर्ज सगळं सरकार ठरवतं तिथली 'घरची किंमत' खरी कशी मानायची? म्हणून चीनच्या प्रवेश करारात कलम १५ घातलं, की त्यांच्या किमती बाजूला ठेवून दुसऱ्या एखाद्या देशातल्या किमती धरता येतील. त्यातला एक भाग पंधरा वर्षांनी, ११ डिसेंबर २०१६ ला संपणार होता. चीन म्हणाला, आता आम्हाला बाजार अर्थव्यवस्था माना. अमेरिका नि युरोप म्हणाले, एक पोटकलम संपलं, दर्जा आपोआप मिळत नाही. दुसऱ्याच दिवशी, १२ डिसेंबरला, चीनने दोघांविरुद्ध दावे ठोकले. युरोपविरुद्धचा दावा पुढे गेला, पण जून २०१९ मध्ये चीननेच तो थांबवायला सांगितला आणि वर्षभराने तो आपोआप बाद झाला. निकाल हातात पडण्याआधी थांबवला, यावरून काय समजायचं ते लोक समजले.

आपला संबंध असा, की अमेरिका चिनी मालाची 'खरी' किंमत काढायची तेव्हा वर्षानुवर्षं पर्यायी देश म्हणून भारत धरला जायचा. चिनी कारखान्याने किती पिग आयर्न (भट्टीत घालायचं कच्चं लोखंड), किती कोक, किती वीज वापरली ते विचारायचे आणि त्याला भाव लावायचे भारतातले, आपल्या आयातीच्या आकडेवारीतून काढलेले. वरखर्च आणि नफा भारतीय कंपन्यांच्या ताळेबंदातून. २०१० नंतर हे कमी होत गेलं. पण त्या काळात आपल्यासारख्याच भट्ट्यांच्या खर्चावर तिकडे चीनचं शुल्क ठरत होतं आणि आपल्याला त्याचा पत्ताही नव्हता. व्हिएतनाम आज याच दर्जासाठी झगडतोय. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेने त्यांनाही नाही म्हटलं. भारत बाजार अर्थव्यवस्था मानला जातो. म्हणून तुझ्यावर कधी अँटी-डंपिंगची चौकशी आलीच, तर तुझेच हिशेब धरले जातील. वडिलांच्या वेळची हीट रजिस्टरं (भट्टीच्या एकेका वितळणीची नोंद), वीजबिलं, स्क्रॅपच्या पावत्या जपून ठेव असं मी म्हणतो ते त्यासाठी. मागच्या महिन्यात खरेदीदाराने 'मेल्ट अँड पोअर'चा देश विचारला, धातू कुठे वितळवला आणि कुठे ओतला. त्याचा पुरावा म्हणजे तुझ्या मोल्डिंग शेडच्या कोपऱ्यातलं ते काळं पडलेलं हीटचं रजिस्टर. ते आता कस्टम्सचा कागद झालंय. भट्टीवरच्या माणसाला सांग, तारीख, हीट नंबर आणि किती किलो पिग, किती स्क्रॅप हे पेनने लिहायचं, खडूने नाही.

तिसरं 'विकसनशील देश' या दर्जाचं. जागतिक व्यापार संघटनेत हा दर्जा देश स्वतःच जाहीर करतो. त्यावर मोठ्या देशांचा राग आहे. ब्राझीलने मार्च २०१९ मध्ये पुढच्या वाटाघाटींत या सवलती मागणार नाही म्हटलं, दक्षिण कोरियाने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, चीनने सप्टेंबर २०२५ मध्ये. भारत सोडायला तयार नाही, आणि त्यात मी भारताच्या बाजूचा आहे. चिकोडी-हुक्केरीच्या अल्पभूधारक शेतकऱ्याला मिळणारं खत-विजेचं अनुदान आणि रेशनचा साठा या दर्जाखालच्या सवलतींत धरलेला आहे, आणि तो शेतकरी अमेरिकेतल्या आयोवाच्या शेतकऱ्याशी बरोबरी करू शकत नाही.

पण उद्योगाला मात्र याचा फटका आधीच बसलाय. फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेने सबसिडीच्या चौकशीपुरतं भारताला विकसनशील यादीतून काढलं. कारणं दोन: जागतिक व्यापारात अर्ध्या टक्क्याहून जास्त वाटा आणि जी-२० चं सभासदत्व. परिणाम असा, की सबसिडी २ टक्क्यांपर्यंत निघाली तर आधी चौकशी सुटायची, आता १ टक्क्याच्या वर गेली की शुल्क. आणि निर्यात प्रोत्साहनाचे जे परवाने तुझे वडील विकायचे, ती एमईआयएस योजना, तिच्याविरुद्ध अमेरिकेने दावा जिंकला, ऑक्टोबर २०१९ मध्ये. दरडोई उत्पन्नाची मर्यादा आपण ओलांडली होती, त्यामुळे निर्यात सबसिडीची मोकळीक संपली होती. भारताने त्या बंद पडलेल्या मंडळाकडे अपील केलं. शेवटी जून २०२३ मध्ये दोन्ही देशांनी सहा दावे आपसात मिटवले, त्यात हाही होता, आणि बदाम-अक्रोडावरचं ते जादा शुल्कही त्याच समझोत्यात गेलं. एमईआयएस जाऊन १ जानेवारी २०२१ पासून रोडटेप आली. ती भरलेल्या करांचा परतावा आहे, बक्षीस नाही, म्हणूनच तिचा दर कमी आहे. वडिलांच्या वेळचा आकडा डोक्यात ठेवून दर काढू नकोस.

आता भट्टी. समज, चीनचा दर्जा खरंच गेला. २०१८-१९ मध्ये असंच वारं आलं होतं. आपल्याकडे चौकशा धो धो आल्या, प्रत्येकाने रात्री जागून दर दिले. ऑर्डरी आल्या त्याच्या एका लहानशा हिश्शाने. आपला दर पुढे ठेवून तिकडच्या जुन्या पुरवठादाराकडून किंमत पाडून घेतली गेली. ज्यांनी तेव्हा नवी मशिनं घेतली त्यातल्या दोघांचे हप्ते मला माहीत आहेत. शिवाय अमेरिकेत अडलेला चिनी माल कुठेतरी जातोच. तो पुण्या-कोल्हापूरच्या गिऱ्हाइकाकडे स्वस्तात आला, तर तुझं देशी काम धोक्यात येतं. त्याविरुद्ध दिल्लीत व्यापार उपाययोजना महासंचालनालयाकडे जाता येतं, पण तो दावा एकट्या फाउंड्रीचा नसतो, सगळ्यांनी मिळून आकडे द्यावे लागतात.

एक इशारा. चीनमधून कच्चं कास्टिंग आणून इथे जरा मशिनिंग करून 'भारतीय' म्हणून पाठवा, असा प्रस्ताव घेऊन माणसं फिरतायत. त्याला दारात उभं करू नकोस. मालाचं मूळ बदलायला त्याचं रूप खऱ्या अर्थाने बदलावं लागतं. असा फिरवलेला माल पकडला गेला तर दंड होतो आणि खरेदीदार कायमचा जातो; ३१ जुलै २०२५ च्या आदेशात तर अशा मालाला वेगळं ४० टक्के शुल्क होतं. मच्छेच्या एका कारखान्याने केलं तर संशय उद्यमबागेच्या सगळ्या कारखान्यांवर येतो. तसंच, २५ चा दर मिळावा म्हणून व्हॉल्व्हच्या बॉडीला गाडीचा भाग म्हणू नकोस. क्रमांक ड्रॉइंग ठरवतं, आपली गरज नाही.

नव्या भट्टीपेक्षा बाजार वाढव. ज्या देशांशी करार झालेत तिथे शुल्काची सूट हक्काने मिळते, कुणाच्या मर्जीने नाही: संयुक्त अरब अमिराती मे २०२२ पासून, ऑस्ट्रेलिया डिसेंबर २०२२ पासून, स्वित्झर्लंड-नॉर्वेचा गट ऑक्टोबर २०२५ पासून. ब्रिटनशी जुलै २०२५ मध्ये सह्या झाल्यात. हे करारही मोडता येतात, पण नोटीस, मुदत, बोलणी यातून जावं लागतं. चार दिवसांत 'ए' पुसला जात नाही.

डिसेंबरअखेर तुझा डीडीपीचा करार संपतोय ना? त्याचं नूतनीकरण तसंच करू नकोस. एफओबी माग, म्हणजे माल इथल्या बंदरात जहाजावर चढला की आपली जबाबदारी संपते. नाहीच ऐकलं तर दरपत्रकावर तीन ओळी वेगळ्या लिही: मालाचा दर, मूळ शुल्क, जादा शुल्क. आणि खाली एक वाक्य, की जादा शुल्कातली वाढ किंवा घट माल तिकडच्या कस्टम्समधून आत येण्याच्या तारखेप्रमाणे खरेदीदाराच्या खाती. वाढ त्याची असेल तर घटही त्याचीच, हे मोकळेपणाने लिही, म्हणजे तो सही करेल. २०१९ मध्ये हे एक वाक्य आपल्या कागदावर नव्हतं.

शनिवारी दुपारी ऑफिसला ये. ती तीन कास्टिंगची ड्रॉइंग, चालू वर्षाच्या सगळ्या एन्ट्रींच्या प्रती आणि हीटचं रजिस्टर घेऊन ये. चुलतभावालाही आण, कारण दर तो काढतो.